मध्य-महासागरी रिजखालच्या कवचाची जाडी गुरुत्वमापनातून कशी काढायची

मध्य-महासागरी रिज म्हणजे समुद्रतळावरची डोंगररांग; तिथे भूपट्ट, म्हणजे तबकं, एकमेकांपासून दूर सरकतात आणि नवं कवच बनतं. मिलीगॅल या गुरुत्वाच्या एककात पृथ्वीचं गुरुत्व साधारण ९,८०,०००. रिजखालच्या कवचाची जाडी एका किलोमीटरने कमी-जास्त झाली, तर समुद्राच्या पृष्ठभागावर त्यातला फरक पडतो जेमतेम ३ ते १४ मिलीगॅलचा. हा फरक शोधताना पाण्याखालचे डोंगर, जहाजाचा वेग, लाटांचे धक्के आणि प्रावरणाची उष्णता यांतलं प्रत्येक कारण त्याहून मोठा आकडा घेऊन मधे येतं. म्हणून इथलं सगळं काम वजाबाकीचं आहे: एकेक कारण मोजायचं, काढून टाकायचं आणि उरलेल्याचा अर्थ लावायचा. कुठल्याही वजाबाकीत चूक राहिली की ती शेवटच्या नकाशावर कवचाच्या जाडीचं रूप घेऊन उभी राहते, आणि नकाशाकडे नुसतं पाहून ती ओळखू येत नाही.

खालच्या पायऱ्या जहाजावरच्या नोंदीपासून जाडीच्या नकाशापर्यंत क्रमाने दिल्या आहेत. ज्यांच्याकडे फक्त उपग्रहाचा डेटा आहे त्यांनी दुसरी पायरी वाचून थेट चौथीवर यावं.

१. आधी तरंगलांबीचं गणित करा

डेटा उतरवून घेण्याआधी कागदावर हे गणित करा: आपल्याला जे शोधायचं आहे ते पृष्ठभागावर दिसणार तरी आहे का? मोहो, म्हणजे कवच आणि प्रावरण यांच्यातली सीमा, समुद्रपृष्ठापासून सुमारे ९ किमी खाली धरा: ३ किमी पाणी आणि ६ किमी कवच. तिथल्या घनतेतला फरक ६०० किलो प्रति घनमीटर धरला, तर मोहो १ किमीने वर-खाली झाल्यावर तिथे २५ मिलीगॅलचा संकेत तयार होतो. वर येताना तो घातांकाने क्षीण होतो. गुणक आहे ई चा (−२π × खोली ÷ तरंगलांबी) हा घात; तरंगलांबी म्हणजे मोहोच्या एका पूर्ण चढ-उताराची आडवी लांबी. हिशेब असा पडतो:

- तरंगलांबी १०० किमी: पृष्ठभागावर सुमारे १४ मिलीगॅल
- तरंगलांबी ५० किमी: सुमारे ८ मिलीगॅल
- तरंगलांबी २५ किमी: सुमारे २.६ मिलीगॅल
- तरंगलांबी १५ किमी: सुमारे ०.६ मिलीगॅल

जहाजावरचं चांगलं मापन १ ते २ मिलीगॅलपर्यंत विश्वासार्ह असतं. म्हणजे २५ किमीच्या खाली मोहोबद्दल काही बोलणं धोक्याचं आहे आणि १५ किमीवर तो विषयच संपतो. समुद्रबूड मात्र फक्त ३ किमी खाली आहे आणि तिथला घनतेतला फरक १६७० च्या आसपास, म्हणून लहान तरंगलांबीवर जे काही दिसतं ते जवळजवळ सगळं बुडाच्या उंचसखलपणाचं. हा असमतोल डोक्यात पक्का बसला की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

२. डेटा: गुरुत्वापेक्षा खोलीची काळजी जास्त घ्या

गुरुत्वाचे दोन स्रोत आहेत. पहिला उपग्रह. समुद्रपृष्ठ गुरुत्वानुसार किंचित फुगतं आणि दबतं. उपग्रहातला रडार त्या पृष्ठाची उंची मोजतो आणि पृष्ठाच्या उतारावरून गुरुत्व काढलं जातं. उतारातला एक मायक्रोरेडियन म्हणजे ढोबळमानाने एक मिलीगॅल. जिओसॅट, ईआरएस-१, क्रायोसॅट-२, जेसन-१, सरल-आल्टिका आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट यांच्या नोंदींवरून तयार केलेल्या एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) अंतराच्या जागतिक ग्रिड कोणालाही मिळू शकतात. ग्रिडमधल्या बिंदूंचं अंतर १.८ किमी दिसलं म्हणून तपशीलही तेवढाच बारीक आहे असं समजू नका. स्वॉटच्या आधीच्या ग्रिडमध्ये १२ ते १६ किमीपेक्षा लहान तरंगलांबीचं खरं गुरुत्व फारसं नसतं.

दुसरा स्रोत जहाज. त्याच्या रेषेवरचा तपशील उपग्रहापेक्षा बारीक असतो, पण दोन रेषांच्या मधे काहीच नसतं. रिजच्या एका खंडाचा, म्हणजे दोन तुटींमधल्या सलग तुकड्याचा, अभ्यास करायचा तर रेषांमधलं अंतर ५ ते १० किमी ठेवणं बरं. लांब तरंगलांबी उपग्रहाकडून आणि बारीक तपशील जहाजाकडून, अशी सांगड घातली तर दोघांचे दोष एकमेकांत झाकले जातात.

आता खोली. गुरुत्वावर महिनोन्महिने मेहनत घ्यायची आणि खोलीची ग्रिड मात्र सहज हाताला लागेल ती उचलायची, असं सर्रास होतं. खोलीत १०० मीटरची चूक असेल आणि ती २० किमी तरंगलांबीची असेल, तर विसंगतीत, म्हणजे मोजलेलं आणि अपेक्षित गुरुत्व यांतल्या फरकात, २.७ मिलीगॅलची चूक शिरते. चूक आणखी पसरट असेल तर ती ७ मिलीगॅलपर्यंत जाते.

याहून घातक सापळा वेगळा आहे. जागतिक खोली-ग्रिडमध्ये जिथे जहाज कधी गेलंच नाही, तिथली खोली उपग्रहाच्या गुरुत्वावरूनच अंदाजलेली असते. त्या अंदाजात कवचाची घनता आणि रचना आधीच गृहीत धरलेली असते. अशी खोली घेऊन त्याच गुरुत्वातून डोंगरांचा परिणाम वजा केला, तर जे गृहीत धरलं होतं तेच उत्तर म्हणून परत हाती येतं. नकाशा मात्र छान गुळगुळीत आणि पटण्याजोगा दिसतो. गेब्को या जागतिक खोली-नकाशाच्या १५ सेकंद (अंशाच्या मिनिटाचा पाव भाग) ग्रिडसोबत प्रत्येक चौकटीतली खोली कुठून आली हे सांगणारी दुसरी ग्रिड मिळते. ती आधी उघडा, मल्टिबीमने (जहाजावरून ध्वनीच्या अनेक झोतांनी) मोजलेला भाग वेगळा काढा आणि ज्या भागात मोजलेली खोली निम्म्याहून कमी आहे तिथे कवचाच्या जाडीचे निष्कर्ष काढू नका.

३. जहाजावर: बंदरापासून वळणापर्यंत

जहाजावरचा गुरुत्वमापी फक्त फरक मोजतो. म्हणून निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, धक्क्यावरच्या ज्ञात गुरुत्वाच्या ठिकाणाशी त्याची जुळणी करावी लागते. जुळणी करताना नोंदवायच्या गोष्टी: वेळ, धक्क्याची पाण्यापासूनची उंची, मापीची पाण्याच्या रेषेपासूनची उंची, भरतीची पातळी. उंचीचा हिशेब मीटरला ०.३०८६ मिलीगॅल. भरती-ओहोटीत जहाज तीन मीटर वर-खाली झालं आणि ते नोंदवलं नाही, तर अख्ख्या सफरीत जवळजवळ एक मिलीगॅलची चूक कायमची बसते. स्प्रिंगच्या मापीचा ड्रिफ्ट, म्हणजे आकडा आपोआप हळूहळू सरकणं, महिन्याला काही मिलीगॅल असू शकतो. सुरुवातीची आणि शेवटची जुळणी असेल तरच तो सरळ रेषेने वाटून टाकता येतो. मधेच वीज गेली किंवा मापीला धक्का बसला तर आकडा एकदम उडी मारतो. ती उडी ड्रिफ्टमध्ये मिसळू देऊ नका. तिची वेळ लॉगमध्ये लिहून ठेवा.

समुद्रात सगळ्यात मोठी दुरुस्ती एओटव्होशची. जहाज पूर्वेला जातं तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यात त्याचा वेग मिळतो, अपकेंद्री परिणाम वाढतो आणि मोजलेलं गुरुत्व कमी भरतं. पश्चिमेला जाताना उलट. वेग नॉटमध्ये असेल तर मिलीगॅलमधली दुरुस्ती अशी:

७.५०३ × वेग × कोसाइन(अक्षांश) × साइन(उत्तरेपासूनची दिशा) + ०.००४१५४ × वेगाचा वर्ग

विषुववृत्तावर १० नॉटने पूर्वेला जाताना ही ७५.४ मिलीगॅल येते, पश्चिमेला उणे ७४.६. म्हणजे त्याच रेषेवर जाताना आणि येताना मिळून १५० मिलीगॅलचा फरक! आपण शोधतो आहोत ८ मिलीगॅल. वेगात ०.१ नॉटची चूक म्हणजे विषुववृत्तावर पाऊण मिलीगॅल. उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजाची दिशा एका अंशाने चुकली तर १० नॉटला १.३ मिलीगॅल.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे पाण्यातला वेग घेणं. दुरुस्तीला जमिनीच्या संदर्भातला वेग लागतो, तो जीपीएसच्या स्थानांवरून काढा. दुसरी गोष्ट अधिक बेमालूम आहे. लाटांमुळे होणारं त्वरण दहा हजार ते लाखभर मिलीगॅलच्या घरात असतं, म्हणून मापीच्या नोंदीवर काही मिनिटांचं फिल्टर लावावंच लागतं. एओटव्होश दुरुस्ती मात्र दर सेकंदाच्या जीपीएसवरून कच्ची काढून तशीच मिळवली, तर दोन्हींची गती जुळत नाही आणि वेग बदलेल तिथे टोकदार खोटे उंचवटे दिसतात. मापीच्या नोंदीवर जे फिल्टर, तेच एओटव्होशवर, आणि मग बेरीज. दोन्हींची घड्याळंही एकाच वेळेला बांधलेली हवीत. ५ मिनिटांच्या फिल्टरमध्ये १० नॉटचं जहाज दीड किलोमीटर जातं, तेव्हा तपशील तेवढाच मिळतो. त्याबद्दल हळहळ नको, कारण त्याहून बारीक काही पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही.

वळणावरचा डेटा काढून टाका. वळण संपल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटंही. मापी ज्या स्थिर फलाटावर बसवलेला असतो त्याला सावरायला तेवढा वेळ लागतो.

मग क्रॉसओव्हर तपासा, म्हणजे दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथले आकडे जुळतात का ते पाहा. फरकाची सरासरी नुसती छापू नका, फरक कसा वागतो ते बघा. तो जहाजाच्या दिशेनुसार बदलत असेल तर एओटव्होशमध्ये गडबड आहे. एका सफरीचे सगळे आकडे दुसरीपेक्षा ठरावीक अंतराने वर असतील तर बंदरातली जुळणी चुकली. फक्त खवळलेल्या समुद्राच्या दिवशी फरक वाढत असेल, तर दांडीच्या मापीत उभ्या आणि आडव्या हालचाली एकमेकींत मिसळत आहेत. कारण न शोधता सगळे फरक गणिताने समान वाटून टाकले, तर क्रॉसओव्हरचा आकडा सुधारतो आणि डेटा बिघडतो.

४. फ्री-एअर विसंगती आणि जुन्या सफरींचे सापळे

मोजलेल्या गुरुत्वातून त्या अक्षांशाचं सैद्धांतिक गुरुत्व वजा केलं की फ्री-एअर विसंगती मिळते. माप समुद्रसपाटीलाच घेतलेलं असल्यामुळे उंचीची दुरुस्ती जवळजवळ नसतेच. सैद्धांतिक गुरुत्वासाठी १९८० चं सूत्र वापरा. विषुववृत्तावर त्याचा आकडा ९,७८,०३२.७ मिलीगॅल.

जुन्या सफरींचा डेटा जोडताना तो कोणत्या सूत्रावर आणि कोणत्या आधारावर आहे ते आधी शोधा. जुना पॉट्सडॅम आधार (जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या मापनाला मूळ धरणारा) प्रत्यक्षापेक्षा सुमारे १४ मिलीगॅल जास्त होता. १९३० चं आणि १९६७ चं सूत्र यांच्यात विषुववृत्तावर १७.२ मिलीगॅलचं अंतर आहे आणि ते अक्षांशानुसार बदलतं: (१९६७ उणे १९३० = −१७.२ + १३.६ × साइनवर्ग अक्षांश). म्हणून नुसती एक स्थिर संख्या मिळवून जुने-नवे डेटा जुळत नाहीत. लांबलचक उत्तर-दक्षिण रेषेवर हा बदल प्रावरणाच्या तापमानाचा उतार असल्यासारखा दिसू शकतो.

विसंगती तयार झाल्यावर तीच रेषा उपग्रहाच्या ग्रिडवरून उचला आणि शेजारी मांडा. रिजच्या ओबडधोबड भागात दोघांत ३ ते ५ मिलीगॅलचा विखुरलेला फरक चालतो. सरळ सरकलेला किंवा हळूहळू वाढत जाणारा फरक चालत नाही.

फ्री-एअर नकाशा पाहून लगेच कवचाबद्दल बोलायचा मोह होतो. मंद रिजच्या (जिथे तबकं हळू दूर सरकतात) मधल्या दरीवर विसंगती खोल ऋण असते, कडेच्या डोंगरांवर धन. ही जवळजवळ सगळी बुडाची नक्कल आहे. आणि शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर पाहिलं तर रिज इतकी उंच असूनही विसंगती शून्याजवळच राहते, कारण खालच्या गरम, हलक्या प्रावरणावर ती तोलून उभी आहे.

५. मँटल बुगेर विसंगती

या पायरीत एक काल्पनिक समुद्रबूड-कवच रचायचं आणि त्याचं गुरुत्व फ्री-एअर विसंगतीतून वजा करायचं; उरते ती मँटल (प्रावरण) बुगेर विसंगती. नेहमीची गृहीतकं: पाणी १०३०, कवच २७००, प्रावरण ३३०० किलो प्रति घनमीटर, कवच सगळीकडे ६ किमी जाड, म्हणजे मोहो बुडाला समांतर. दोन सीमांचा परिणाम काढायचा: बुडाजवळ १६७० चा फरक आणि त्याच्या ६ किमी खाली ६०० चा. कुओ आणि फॉर्साइथ यांनी १९८८ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या रिजवर ही रीत वापरली आणि आज बहुतेक सगळे त्याच वाटेने जातात.

गणितासाठी पार्करची १९७३ मधली फुरिये पद्धत, म्हणजे नकाशा लहरींमध्ये फोडून मालिकेने गुरुत्व काढणं. जीएमटी या मोफत साधनसंचात ग्रॅव्हएफएफटी हे काम करतं. करताना लक्ष द्यायच्या जागा:

खोलीची ग्रिड गुरुत्वाच्या भागापेक्षा चारही बाजूंनी किमान ५० किमी, शक्यतो १०० किमी मोठी घ्या. फुरिये पद्धत ग्रिडची उजवी कड डाव्या कडेला चिकटलेली आहे असं मानते. कडेला ४ किमी खोल खंदक आणि समोरच्या कडेला २ किमी खोल डोंगर असेल तर तिथे खोटा कडा तयार होतो आणि त्याच्या लहरी आत येतात. कडा हळूहळू सरासरीला आणा आणि शेवटी तो सगळा पट्टा फेकून द्या.

मालिकेची ४ ते ५ पदं घ्या. पहिल्या पदावर थांबलं तर उंच डोंगरांच्या माथ्यावर परिणाम कमी मोजला जातो, कारण माथा पृष्ठभागाच्या खूप जवळ असतो आणि तिथला संकेत सरळ प्रमाणात वाढत नाही. संदर्भ-पातळी खोलीच्या मधोमध ठेवा, मालिका लवकर स्थिरावते.

चिन्हं तपासा. खोली काही ग्रिडमध्ये ऋण असते, काहींत धन. एक सोपी चाचणी करा: सपाट ३ किमी खोल बूड, त्यावर एकच १ किमी उंच शंकू. त्याचं गुरुत्व काढा. माथ्यावर विसंगती धन आलीच पाहिजे, आणि ती ७० मिलीगॅलपेक्षा बरीच कमी हवी, कारण ७० ही १ किमी जाडीच्या अमर्याद थराची कमाल मर्यादा आहे. उत्तर याउलट आलं तर पुढे जाऊ नका.

घनतेबद्दल हट्ट नको. वरचा बेसाल्ट २७०० च्या आसपास, खालचा गॅब्रो २९०० च्या आसपास. कवच एकच थर म्हणून धरताना कोणताही आकडा तडजोडच असतो. म्हणून हीच पायरी २७०० आणि २९०० या दोन्ही आकड्यांनी करून दोन्ही नकाशे जपून ठेवा. पुढे निष्कर्ष किती डळमळीत आहे ते यावरूनच कळतं.

६. उष्णतेची वजाबाकी

रिजच्या अक्षावर प्रावरण गरम आणि हलकं. दूर जाईल तसं ते थंड आणि जड होत जातं. हा परिणाम लहान नाही. तापमानातला फरक १३०० अंश, प्रसरणांक अंशाला ३.५ × १०⁻⁵ आणि साधं अर्ध-अवकाश थंडावणं (अमर्याद खोल प्रावरण वरून थंड होत जातं असं) धरून हिशेब केला, तर अक्षाच्या तुलनेत १० लाख वर्षांच्या बुडाखाली सुमारे ४० मिलीगॅल आणि १ कोटी वर्षांच्या बुडाखाली सुमारे १२५ मिलीगॅल जास्तीचं गुरुत्व येतं. हे अमर्याद थराचे आकडे आहेत, प्रत्यक्ष परिणाम कमी असतो. पण कवचाच्या ८ मिलीगॅलपुढे तरीही तो डोंगराएवढा.

वयाची ग्रिड चुंबकीय पट्ट्यांवरून मिळते. अक्षापासून लांब, सरळ पट्ट्यात वयावरून थेट तापमान काढणारं एकमितीय मॉडेल पुरतं. ट्रान्सफॉर्म भ्रंशाजवळ, म्हणजे रिजचे खंड आडवे तोडणाऱ्या भेगेजवळ, ते फसतं. तिथे तरुण, गरम तुकडा जुन्या, थंड तुकड्याला लागून असतो आणि उष्णता आडवीही वाहते. भ्रंशापासून ३०-४० किमीच्या आत काम असेल तर त्रिमितीय प्रवाहाचं मॉडेल वापरा: दोन तबकं दूर सरकतात, प्रावरण वर ओढलं जातं, त्याचं तापमान काढा, तापमानावरून घनता, घनतेवरून थराथराने गुरुत्व. हे केलं नाही तर खंडाच्या टोकाला कवच खोटं पातळ दिसतं, आणि मंद रिजवर नेमकं तिथेच ते खरंही पातळ असण्याची शक्यता असते. दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढत असताना त्यांची वाटणी नीट केली नाही, तर निष्कर्ष दुप्पट फुगतो.

अक्षापासून दूर गेलात तर गाळाचाही हिशेब घ्या. १९०० घनतेच्या १०० मीटर गाळाला २७०० चं कवच समजलं तर सुमारे ३.४ मिलीगॅलची चूक. अक्षावर गाळ नगण्य असतो, भ्रंशाच्या खोल दऱ्यांत मात्र तो साचतो.

उष्णता आणि गाळ वजा केल्यावर उरते ती अवशिष्ट विसंगती.

७. विसंगतीतून जाडी

आता उलट प्रवास: पृष्ठभागावरचा संकेत ९ किमी खाली नेऊन मोहोची हालचाल काढायची. वर येताना जे क्षीण झालं ते खाली नेताना तितकंच फुगतं. २५ किमी तरंगलांबी साडेनऊ पटीने, १५ किमी तब्बल ४३ पटीने. म्हणजे १ मिलीगॅलचा गोंगाट १५ किमीवर दीड किलोमीटरहून अधिक जाडीचा खोटा फरक दाखवतो. म्हणून फिल्टर लावल्याशिवाय हे करूच नये. प्रचलित सवय अशी की ३५ किमीच्या वरचं सगळं तसंच ठेवायचं, २५ किमीच्या खालचं सगळं कापायचं आणि मधे कोसाइनचा उतार ठेवायचा. खोल पाण्यात किंवा जाड कवचावर ही मर्यादा आणखी वर न्यावी.

नकाशावर मण्यांच्या माळेसारखे एकाच आकाराचे उंचवटे-खळगे दिसले आणि त्यांचं अंतर फिल्टरच्या मर्यादेएवढं असेल, तर ते कवच नाही, फिल्टर आहे. मर्यादा बदलून पुन्हा चालवा. जे जागेवर टिकतं तेवढंच खरं धरा.

या सगळ्यातून मिळतो तो जाडीतला फरक. जाडी मिळत नाही. सरासरी ६ किमी आपणच घातलेली आहे. ती खरी करायची तर भागात निदान एका ठिकाणी भूकंपलहरींनी मोजलेली जाडी हवी. तिथे नकाशा टेकवा आणि दुसऱ्या ठिकाणी तपासा.

८. एक उदाहरण आकड्यांसह

समजा मंद रिजचा ६० किमी लांबीचा खंड आहे. मधोमध अवशिष्ट विसंगती टोकांपेक्षा ३० मिलीगॅलने कमी. ६० किमी तरंगलांबीवर मोहोच्या १ किमी फरकाला ९.८ मिलीगॅल मिळतात. म्हणजे मध्यावर कवच टोकांपेक्षा सुमारे ३ किमी जाड. कवच २९०० चं धरलं तर मोहोवरचा फरक ४०० उरतो, १ किमीला ६.५ मिलीगॅल, आणि तेच ३० मिलीगॅल ४.६ किमी जाडी मागतात. बुडाचा परिणामही बदलत असल्याने मूळ ३० चा आकडा थोडा हलेल, पण ३ आणि ४.६ यांतली दरी घनतेच्या एका गृहीतकातून आली हे विसरू नका.

हेच ३० मिलीगॅल प्रावरण जास्त गरम असल्यामुळे आले, असं कोणी म्हणालं तर? ९ ते ५९ किमी खोलीपर्यंतचं प्रावरण १०० अंशांनी गरम केलं तर घनता ११.५ किलोने घटते. अमर्याद थर असता तर २४ मिलीगॅल मिळाले असते. पण बदल ६० किमी तरंगलांबीचा असेल तर पृष्ठभागावर फक्त १.८ मिलीगॅल पोचतात. खंडाच्या आकाराचा मोठा संकेत म्हणूनच मुख्यतः कवचाचा असतो. शेकडो किलोमीटर पसरलेल्या संकेताबाबत, उदाहरणार्थ आइसलँडकडे जाताना रेक्यानेस रिजवर, हा युक्तिवाद चालत नाही. तिथे जाड कवच आणि गरम प्रावरण दोन्ही जमेस धरावे लागतात.

९. नकाशा वाचताना

मंद रिजवर खंडाच्या मध्याभोवती गोलाकार, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी ऋण विसंगती दिसते. दक्षिण आणि उत्तर अटलांटिकमध्ये १९८८ ते १९९० च्या सुमारास ती स्पष्ट झाली आणि शिलारस खंडाच्या मध्यावर एकवटून वर येतो, मग टोकांकडे पसरतो, ही कल्पना बळावली. पूर्व पॅसिफिकसारख्या वेगवान रिजवर, जिथे तबकं वर्षाला १०० मिमीहून वेगाने दूर जातात, अक्षाच्या लांबीवर विसंगती बरीच सपाट असते. तिथे गोल लक्ष्य दिसलं तर आधी आपल्या खोलीच्या ग्रिडवर संशय घ्या.

मंद रिजवर भ्रंश आणि अक्ष यांच्या आतल्या कोपऱ्यात विसंगती धन, बाहेरच्या कोपऱ्यात कमी. आतल्या कोपऱ्यात कवच पातळ असतं, किंवा मोठ्या घसरभ्रंशांनी (कवच ज्यांवरून घसरतं त्या भेगांनी) खालचे जड खडक वर ओढलेले असतात.

सगळ्यात मोठी संदिग्धता सर्पेंटिनाइटची. प्रावरणाचा पेरिडोटाइट हा खडक पाणी पिऊन सर्पेंटिनाइटमध्ये बदलला की त्याची घनता ३३०० वरून उतरत जाते. पूर्ण बदलला तर २५००-२६०० पर्यंत. निम्मा बदलला की २९०० च्या आसपास, म्हणजे गॅब्रोएवढी. गुरुत्वाला हा फरक दिसूच शकत नाही. अटलांटिकमधल्या ३० अंश उत्तरेच्या अटलांटिस मॅसिफवर हे प्रत्यक्ष खोदून दिसलं आहे. १,४१५ मीटर खोल गेलेल्या यू-१३०९डी विवरात बहुतेक गॅब्रो लागला. २०२३ मध्ये त्याच डोंगराच्या दक्षिण भागात सुमारे १,२६८ मीटर खोल गेलेल्या यू-१६०१सी मध्ये बहुतांश सर्पेंटिनाइट झालेला पेरिडोटाइट. अतिमंद रिजवर, जसं आर्क्टिकमधली गॅकेल किंवा नैऋत्य हिंदी महासागरी रिज, गुरुत्वाच्या नकाशावरची ‘जाडी’ म्हणजे हलक्या खडकाची जाडी असं लिहावं, शिलारसातून बनलेल्या कवचाची असं नाही. वेगळं करायचं तर भूकंपाच्या पी आणि एस लहरींच्या वेगांचं गुणोत्तर, चुंबकीय नोंदी आणि खडकांचे नमुने लागतात.

१०. पृष्ठभाग पुरत नसेल तेव्हा

घसरभ्रंशाचा घुमट किंवा एखादा गरम झऱ्यांचा पट्टा ५-१० किमीचा असतो. ३ किमी पाण्यातून वर येताना १० किमी तरंगलांबीचा फक्त १५ टक्के संकेत उरतो, ५ किमीचा जेमतेम २ टक्के. अशा वेळी पृष्ठभागावर रेषा दाट करून उपयोग नाही. मापी खाली न्यावा लागतो, पाणबुडीतून बुडावर ठेवून किंवा स्वयंचलित वाहनातून. बुडावर ठेवलेल्या मापीला खोली डेसिमीटरपर्यंत अचूक लागते आणि दुरुस्ती उलट्या बाजूची असते: वरचं पाणी आता वर ओढतं. आजूबाजूचे कडे मापीच्या वरही असतात, म्हणून पार्करची पद्धत इथे चालत नाही. बूड लहान ठोकळ्यांत (प्रिझम) वाटून त्यांच्या गुरुत्वाची थेट बेरीज करावी लागते आणि पहिल्या काही शे मीटरची खोली मीटरभर तपशिलाची हवी. खालचा आणि वरचा डेटा जोडायचा असेल, तर खालचा गणिताने वर आणा. वरचा खाली नेण्याचा प्रयत्न केला तर सातव्या पायरीतला ४३ पटींचा गोंगाट पुन्हा समोर येतो.

नकाशा दुसऱ्याच्या हाती देताना सोबत ही माहिती द्या: तिन्ही घनता, संदर्भ जाडी, फिल्टरच्या दोन्ही मर्यादा, उष्णतेचं मॉडेल एकमितीय की त्रिमितीय, प्रसरणांक, खोलीतला मोजलेला हिस्सा किती टक्के आणि जाडी कोणत्या भूकंपलहरी-रेषेवर टेकवली. यातलं एक जरी नसलं, तर शेजारच्या खंडावर काम करणाऱ्याला आपला नकाशा त्याच्या नकाशाला जोडता येत नाही.